ज्या चर्चमुळे बाबांची दारू सुटली तेच चर्च सोडायचंय, पण भीती जात नाहीये

इंद्रायणीकाठची

नमस्कार सगळ्यांना. तोंडी कुणाशी बोलता येत नाहीये म्हणून इथे टाकतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. चर्चचं नाव, पास्टरांचं नाव लिहिणार नाही, आणि कुणी ओळखलंच तर प्लीज तुम्हीही लिहू नका, आईबाबा अजून तिथेच जातात.

आम्ही मूळचे ख्रिस्ती नाही. घरात खंडोबा, दरवर्षी जेजुरी, लग्न झालं की जागरण गोंधळ, असं सगळं. मी आठवीत असताना बाबांची दारू इतकी वाढलेली की कंपनीतून काढायची वेळ आली होती. पगाराच्या रात्री आई मला आणि भावाला घेऊन शेजारच्या काकूंकडे झोपायला जायची. त्याच काकूंनी आईला प्रार्थनेला नेलं, भोसरीत हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड. तिथली माणसं मग रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागली, बाबांजवळ बसायची, त्यांच्याबरोबर जेवायची, पगाराच्या दिवशी दोघं जण कंपनीच्या गेटवर उभे राहून त्यांना घरापर्यंत घेऊन यायचे. आणि बाबांची दारू सुटली. हे आधी सांगतेय कारण चर्च म्हटलं की लोक लगेच म्हणतात सगळं ढोंग असतं. आमच्या घरात जे झालं ते ढोंग नव्हतं.

पुढे एकेक गोष्ट वाढत गेली. आधी देवघरातले टाक, आजीच्या सासूपासूनचे, ते नदीत सोडायला लावले, आजी दोन दिवस जेवली नव्हती. मग दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला. प्रत्येकाच्या नावाचं पाकीट, वर्षाच्या शेवटी कुणाचे किती महिने राहिले ते सगळ्यांसमोर वाचायचे, आणि बायबलमधलं मलाखी ३ उघडून देवाला लुटू नका म्हणायचे. मग 'कव्हरिंग'. म्हणजे नोकरी बदलायची, भाड्याचं घर बदलायचं, गावी लग्नाला जायचं, सगळं आधी पास्टरांना विचारून. मला हैदराबादला चांगली ऑफर आली होती, ते म्हणाले प्रभूने हे दार बंद केलंय, मी ऑफर सोडली. नंतर भविष्यवाणी आली की वर्शिप टीममधला अमुक मुलगा माझ्यासाठी नेमलाय. मला तो मुलगा नको होता, वाईट नव्हता पण नको होता. मी नाही म्हटलं तेव्हापासून माझ्यात बंडखोरीचा आत्मा आहे असं ठरलं, संडे स्कूल माझ्याकडून काढून घेतलं, आणि तीन बायकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून तो आत्मा काढायची प्रार्थना केली. मी मध्ये बसलेले, डोळे मिटून, आणि मनात एकच, की आता रडले तर म्हणतील आत्मा निघाला आणि नाही रडले तर म्हणतील आत्मा हट्टी आहे.

त्यानंतर मी जाणं बंद केलं. पास्टर घरी आले, आईबाबांसमोर मत्तय १२ वाचलं, अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, मग आपल्याहून वाईट असे सात आत्मे घेऊन परत येतो आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते. मग शांतपणे म्हणाले, "ताई, तुझ्या बाबांची सुटका या वेदीवर झालीय. घरातलं एक माणूस वेदी सोडतं तेव्हा भिंतीला भोक पडतं."

बाबा खाली मान घालून बसले होते.

बुद्धीला कळतंय की हे मला धरून ठेवायला बोललेत. पण बाबांना कंपनीतून यायला अर्धा तास उशीर झाला की माझ्या पोटात गोळा येतो, दार उघडल्या उघडल्या मी वास घेते. रविवारी सकाळी दहा वाजता छातीत धडधडतं. जिच्याबरोबर संडे स्कूल घेतलं, जिच्या बाळंतपणात मी रात्र रात्र हॉस्पिटलमध्ये बसले, ती भाजी मंडईत समोर आली आणि रस्ता ओलांडून गेली. तिला तसं सांगितलंय हे मला माहितीय, तरी रात्रभर झोप नाही. आणि सगळ्यात जास्त टोचतं ते हे की मी कृतघ्न आहे का? त्या लोकांनी आमचं घर वाचवलं. ते नसते तर बाबा आज नसते. मग एका मुलाला नाही म्हटलं, चार नियम जड गेले, म्हणून सोडून जाणारी मी कोण?

नातेवाईकांकडे जायची सोय नाही. मामा म्हणतो आता बरं झालं, टाक नवीन घडवून घेऊ. मला येशू नकोसा झालेला नाहीये, हे त्याला कसं सांगू. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, ही भीती कधी जाते का?

जुना कीबोर्डवाला

ताई, मी ठाण्याकडचा, दुसऱ्या एका फेलोशिपमध्ये वाजवायचो. तुमचं रविवारी दहाचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ते होतं. मला तर 'डी मेजर'मध्ये सुरू होणारं कुठलंही गाणं रिक्षात लागलं तरी घाम फुटायचा. कारण त्या सुरावर आमचे पास्टर हळू आवाजात बोलायला लागायचे आणि पुढच्या पाच मिनिटांत कुणाचं तरी नाव घेऊन उभं करायचे. मीच वाजवायचो, मीच घाबरायचो.

भीती कमी होते, पण सरळ रेषेत नाही होत. मध्ये महिना महिना काही नसतं आणि मग घरात कुणी आजारी पडलं की पहिला विचार तोच, हे माझ्यामुळे. माझ्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा जुन्या लीडरचा मेसेज आला, "अजूनही वेळ आहे." मुलगा आयसीयूत आणि हा मेसेज. त्या दिवशी नंबर ब्लॉक केला आणि परत काढला नाही. माझं मत असं की ब्लॉक करायला लाजू नका, तो द्वेष नाही, तुम्हाला श्वास घ्यायला जागा लागते.

एक करा, रविवारी सकाळ मोकळी ठेवू नका. चर्च गेल्यावर जी पोकळी पडते ती आधी त्या वेळेला पडते. मी एका मित्राबरोबर उपवन तलावावर चालायला जायला लागलो, देवाबद्दल एक शब्द बोलायचो नाही आम्ही. मी आता कुठल्याच चर्चला जात नाही, पण तुम्हीही जाऊ नका असं म्हणणार नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

स्पष्टवक्ता

तरी लोक सांगत असतात. आपले देव नदीत टाकले तेव्हाच कळायला हवं होतं. मामा बरोबर बोलतोय, सरळ घरी परत या, विषय संपला.

इंद्रायणीकाठची

@स्पष्टवक्ता, आजीचे टाक सोडायला लावले ते चूकच होतं, त्यात दुमत नाही. पण त्या वर्षी आम्ही रात्री शेजाऱ्यांकडे झोपायचो तेव्हा मामा दोन गल्ल्या सोडून राहत होता आणि एकदाही आला नाही, चर्चची माणसं आली. एकीकडे म्हणतात वेदी सोडलीस तर नाश होईल, दुसरीकडे म्हणतात आमच्यात परत आलीस तरच आमची. मला दोन्ही नकोय. मला कुणीतरी अट न घालता जवळ बसवावं एवढंच पाहिजे.

नगरचे काका

सलाम बेटा. मी जन्माने ख्रिस्ती, आमचं चर्च जुन्या अमेरिकन मराठी मिशनचं, १९७० पासून सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). रिटायर्ड शिक्षक आहे, चर्चमध्ये वडील (एल्डर, मंडळीतला पुढारी) म्हणून सेवा केलीय, त्यामुळे पास्टर लोक वचनं कशी वापरतात ते जवळून बघितलंय. तुला वचन वापरून घाबरवलंय म्हणून मी वचनावरच बोलतो, ज्यांना त्यात रस नाही त्यांनी पुढे जावं.

मत्तय १२ मधला तो दाखला पूर्ण वाच. ४५ व्या ओवीच्या शेवटी प्रभू काय म्हणतो, "या दुष्ट पिढीचेही तसेच होईल." समोर शास्त्री आणि परूशी उभे आहेत, चिन्ह दाखव म्हणून मागणारे, म्हणजे धर्माचे पुढारी. तो दाखला त्यांना उद्देशून आहे. हॉल सोडून जाणाऱ्या मुलीचा त्यात कुठे संबंध येतो? आणि मुलीने जाणं थांबवलं म्हणून बापात आत्मा शिरतो असं तर त्या अध्यायात सोड, अख्ख्या शुभवर्तमानात नाही. 'माझ्या अभिषिक्तांस हात लावू नका' हेही तुला ऐकवलं असेलच, ते स्तोत्र १०५. तिथे अभिषिक्त कोण, तर अब्राहाम इसहाक याकोब, परक्या मुलखात भटकणारं एक लहानसं कुटुंब, आणि हात लावू नका हे सांगितलंय राजांना. दुबळ्यांना सत्तेपासून वाचवायला सांगितलेली ओळ सत्तेवरचा माणूस स्वतःसाठी वापरतो, याचा मला मनापासून राग आहे. त्या मुलाबद्दलच्या भविष्यवाणीसाठी बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं १८:२२ वाच, संदेष्टा देवाच्या नावाने बोलला आणि तसं घडलं नाही तर तो उन्मत्तपणे बोलला, त्याला भिऊ नको. 'भिऊ नको' असं स्पष्ट लिहिलंय बेटा.

आता 'मी कोण' या तुझ्या प्रश्नाबद्दल. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. ज्या सिस्टर्सनी आसरा दिला, शिकवलं, मुलीला सांभाळलं, त्यांनी नंतर सांगायला सुरुवात केली की हे हे असंच मानायचं. रमाबाईंनी १८८५ च्या पत्रात सिस्टर जेराल्डीनला कळवलं की भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी महत्प्रयासाने सुटलेय, आता पाद्री सांगतील ते सगळं देवाची आज्ञा म्हणून मान्य करून तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही. ज्यांच्या घरात खात होती त्यांनाच हे लिहिलं बाईने. आणि सिस्टर जेराल्डीनशी नातं तोडलं नाही, पत्रं चालूच राहिली. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. ख्रिस्त सोडला नाही, जोखड तेवढं नाकारलं. आपले नारायण वामन टिळक घे, १८९५ ला बाप्तिस्मा, कितीतरी वर्षं मिशनची सेवा, आणि १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन साताऱ्याला देवाचा दरबार काढला, ज्यात बाप्तिस्मा झालेले न झालेले दोन्ही चालणार होते. तेव्हा तू पहिली नाहीस, मराठी ख्रिस्ती माणसाची ही जुनी वाट आहे.

आमच्या जुन्या चर्चमध्ये सगळं गोड आहे असं सांगून तुला ओढणार नाही. जागेच्या केसेस, निवडणुकीतली भांडणं, सगळं आहे. पण एक सांगतो, आमच्याकडे तू मागच्या बाकावर बसून निघून गेलीस तर सोमवारी तुला कुणी फोन करून विचारणार नाही. काही दिवस माणसाला तेवढंच पाहिजे असतं.

बाबांसारखाच एक

मी इथे फारसा लिहीत नाही. मी स्वतः दारूतून बाहेर आलेला माणूस आहे, चर्चमधून नाही, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून आणि नंतर एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंगमधून. मुलीचं वास घेण्याचं वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला, माझी मुलगीपण घ्यायची.

पोरी, तुझ्या वडलांना त्या लोकांनी कसं वाचवलं ते तू स्वतःच लिहिलंयस, परत वाच. रोज संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसायचं. पगाराच्या दिवशी एकटं सोडायचं नाही. नवीन मित्र मिळाले जे पीत नाहीत. लाज वाटायच्या ऐवजी सांगायला एक साक्ष मिळाली. हे सगळं आम्हाला पण मिळालं. मुक्तांगण १९८६ ला सुरू झालं तेव्हापासून हेच काम चाललंय, माणसाला एकटं न सोडणं. एएमध्ये पण हेच, नवीन माणसाला जुना माणूस नंबर देतो आणि म्हणतो प्यावंसं वाटलं तर ग्लासच्या आधी मला फोन कर. देवाने केलं म्हण, माणसांनी केलं म्हण, देवाने माणसांकडून केलं म्हण, मला सगळंच मान्य आहे. पण ते झालं ते सोबतीमुळे. तू हॉलमध्ये कुठल्या खुर्चीवर बसलीस त्यामुळे झालेलं नाही आणि तुझी खुर्ची रिकामी राहिली म्हणून जाणारही नाही.

दुसरं, आणि हे नीट ऐक. पिणारा स्वतः पितो. बायको टोचून बोलली म्हणून, मुलगा नापास झाला म्हणून, ही कारणं आम्ही शोधून ठेवलेली असतात. त्या पास्टरने तुझ्या वडलांच्या हातात एक आयतं कारण ठेवलंय, मुलीने वेदी सोडली म्हणून. दारू सोडलेल्या माणसासमोर असं बोलणं फार धोक्याचं आहे, मला चीड आली ती त्याची. देव न करो पण वडील कधी घसरले तर ते तुझ्या खात्यावर नाही, आधीच सांगून ठेवतो. घसरणं या आजारात होतं, मग उठून परत उभं राहायचं असतं.

माझं ऐकशील तर वडलांशी एकट्याने बोल. ते मान खाली घालून बसले होते म्हणतेस, त्या मानेत काय होतं ते त्यांना विचार, तू ठरवू नकोस. आणि पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात, वडील पीत नसले तरी तू जाऊ शकतेस. वास घ्यायची सवय फक्त पास्टरमुळे नाही लागलेली, ती आठवीतली आहे.

विश्वासात स्थिर

मी अशाच एका स्वतंत्र मंडळीत आहे आणि आनंदात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ताईला जे झालं ते वाईट, पण आमचे पास्टर स्वतः दवाखान्यात डबा घेऊन जातात, दशांश कोण देतं ते त्यांना माहीतही नसतं. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आणि इब्री १३:१७ मध्ये पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा असं आहेच ना? एका जखमेमुळे सहभागिता तोडली तर विश्वास थंड होतो हे मी बघितलंय. आधी पास्टरांशी बसून मोकळं बोला, क्षमा करा, मग ठरवा.

जुना कीबोर्डवाला

@विश्वासात स्थिर, तुमचं चर्च चांगलं असेल, आनंद आहे. पण तीन बायका आत्मा काढायला डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या तिथे मोकळं बोलायला परत जा असं सांगू नका हो. मी गेलो होतो 'मोकळं बोलायला'. दोन तास बोललो आणि पुढच्या रविवारी माझं सगळं बोलणं नाव न घेता संदेशात आलं.

नगरचे काका

स्थिर भाऊ, इब्री १३:१७ आहेच, पण १ पेत्र ५:३ पण त्याच बायबलमध्ये आहे, पुढाऱ्यांनी कळपावर धनीपण करू नये, कित्ता व्हावं. एक ओवी मेंढरांना पाठ करून घ्यायची आणि दुसरी मेंढपाळाने विसरायची असं चालत नाही. तुमचे पास्टर डबा घेऊन जातात ना, मग त्यांना ही ओवी टोचणारही नाही.

मनाचे दवाखाने

समुपदेशनाचं काम करते, थोडक्यात लिहिते. तुम्ही जे सांगताय, ठराविक वेळेला धडधड, सतत पाळत ठेवल्यासारखं घरच्यांकडे बघणं, रात्रीची झोप जाणं, हे भीतीच्या सावटाखाली वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसात दिसतं. बुद्धीला पटलं तरी शरीराला पटायला वेळ लागतो, म्हणून 'मला कळतंय तरी असं का' यासाठी स्वतःला बोल लावू नका. मार्लीन विनेल या अमेरिकन मानसतज्ज्ञांनी २०११ मध्ये यासाठी 'रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम' असा शब्द वापरला. तो अधिकृत निदानांच्या यादीत नाही, पण त्यातून एवढं झालं की लोकांना आपलं दुखणं सांगायला नाव मिळालं.

तुमच्याबाबतीत गुंता वेगळा आहे असं मला वाटतं. नुसता छळ झाला असता तर सोडणं सोपं गेलं असतं. इथे ज्या हातांनी उचललं त्याच हातांनी दाबून धरलंय. म्हणून दोन्ही भावना येणार, आजही त्या काकूंबद्दल माया वाटेल आणि उद्या त्याच माणसांचा संताप येईल. एकीला खोटं ठरवून दुसरी खरी करायची घाई नको. उपकाराबद्दल आभार मानता येतात, त्यापोटी आयुष्यभर मिंधं राहायची गरज नसते. लग्न कुणाशी करायचं हे उपकाराच्या हिशोबात येतच नाही.

समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत विचारा की मला देव सोडायचा नाहीये, चालेल ना? जो तुमची श्रद्धा काढायला बसेल किंवा परत चर्चला पाठवायला बसेल, दोन्ही टाळा. रात्री फारच घाबरं झालं तर टेली मानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं वाटलं तर वाट बघू नका, लगेच लावा.

कोर्टकचेरी

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मैत्रीण रस्ता ओलांडून गेली याला कायदा काही करू शकत नाही, कुणाशी बोलायचं हा तिचा हक्क. पण पुढाऱ्याने मंडळीला सांगितलं असेल की या मुलीशी, या घराशी संबंध ठेवू नका, तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, २०१७ पासून लागू. लोकांना वाटतं तो फक्त जातपंचायतीसाठी, पण त्यातल्या 'समुदाय' शब्दाच्या व्याख्येत एका धर्माचे, पंथाचे लोकही येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्येच कायदा केला होता, तो दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९६२ ला रद्द केला. म्हणजे धर्मसंस्थेला माणूस बाहेर काढायचा अधिकार किती, हा वाद कोर्टात जुना आहे. त्यामुळे तक्रार करायचीच असेल तर आधी वकिलाला सगळं दाखवा, मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आईबाबा तिथे जातायत तोवर तक्रार करावीच असं मी म्हणणार नाही, पण आपल्या बाजूने काही आहे हे माहीत असलेलं बरं.

लग्नासाठी पास्टरचं पत्र अडवतात अशी भीती अनेकांना असते. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४ आहे, विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस, कुठल्याही चर्चचं पत्र लागत नाही.

इंद्रायणीकाठची

सगळ्यांचे खूप आभार, एकेक रिप्लाय परत परत वाचलाय. @बाबांसारखाच एक, तुमचं वाचून बाबांशी बोलले. आई बाजारात गेली होती तेव्हा.

मी विचारलं की बाबा, मी जात नाही म्हणून तुम्हाला भीती वाटते का. ते बराच वेळ पंख्याच्या रेग्युलेटरशी खेळत बसले आणि मग म्हणाले, मला त्या दिवशी लाज वाटत होती. मी म्हटलं माझी? तर म्हणाले, नाही, माझी. माझं पिणं न पिणं तुझ्या गळ्यात बांधलं आणि मी गप्प बसलो. मग म्हणाले मी तिथे जाणार, मला त्या माणसांची सवय आहे आणि गरजही आहे, तू येऊ नकोस. परत कुणी घरी येऊन असं बोललं तर मी बोलेन. आईचं माहीत नाही, ती अजून रात्री माझ्या उशाशी बायबल ठेवून जाते आणि मीही ते उचलत नाही, राहू देते.

शेजारच्या काकूंना, ज्यांनी पहिल्यांदा नेलं होतं, मी स्वतः जाऊन भेटले. त्यांना सांगितलं की काकू तुम्ही त्या वर्षी जे केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मी परत येणार नाही. दोन्ही एकाच दमात बोलले, नाहीतर दुसरं राहून गेलं असतं. त्या रडल्या, मीपण रडले. त्यांनी पास्टरांना सांगितलं असेलच. सांगू दे.

भीती गेलीय असं नाही. काल बाबांना उशीर झाला तर परत गॅलरीत जाऊन उभी राहिले. पण दार उघडल्यावर वास घेतला नाही, जेवायला वाढू का विचारलं.

@नगरचे काका, पिंपरी चिंचवडमध्ये तुमच्यासारखं मागच्या बाकाचं चर्च कुठलं असेल तर मेसेज करा, पण आत्ता नाही, दोन-तीन महिन्यांनी मी विचारेन. @मनाचे दवाखाने, मराठीत बोलणाऱ्या समुपदेशक बघतेय, पहिल्या भेटीत तुमचा तोच प्रश्न विचारणार आहे. आणि मामाला सांगितलं की टाक घडवायचे तर आजीसाठी घडव, तिला हवे आहेत, मी तिच्याबरोबर सोनाराकडे येईन. तो चक्रावलाच.

हैदराबादची ती कंपनी परत भरती करतेय, कालच बायोडेटा पाठवला. कुणालाही न विचारता.

बाबांसारखाच एक

वडलांना माझा नमस्कार सांग. त्यांना वाटलं तर माझा नंबर देतो, मेसेज कर. चर्चला जात राहू देत, मीटिंगला पण येऊ देत, दोन्ही चालतं.